कळवले

रविवारी सकाळी साडेनऊच्या सुमारास बेल एकदाच वाजली, आणि आमोदने दार उघडलं तर समोर दोघं उभे होते. पुढे कुरिअरवाला, आणि त्याच्या मागे, दोन पायऱ्या खाली, बगलेत पिशवी धरून त्याच्या प्रयोगशाळेतला तंत्रज्ञ दशरथ. ही बेल शर्मिलाने दिवाळीत तुळशीबागेतून आणली होती. बटण दाबलं की सनईची एक धून सुरू व्हायची आणि बावीस सेकंद चालायची. बावीस सेकंद आमोदने घड्याळ लावून मोजली होती; मोजल्याशिवाय एखाद्या गोष्टीला तुच्छ लेखणं त्याच्या तत्त्वात बसत नव्हतं. कर्वेनगरच्या या सोसायटीतल्या चोवीस बिऱ्हाडांपैकी एकाच्या घरी तरी साधी टिंग वाजणारी बेल असावी अशी त्याची अपेक्षा होती, आणि ते घर आपलं नसावं याचं त्याला मनापासून वाईट वाटायचं. कुरिअरवाल्याने खोकं दिलं, सही घेतली आणि वरच्या मजल्याकडे पळाला. दशरथ तिथेच उभा. चप्पल काढावी की नाही हे ठरवत असलेला.

आमोदने विचारलं, "बराच वेळ झाला का रे येऊन?"

"नाही सर. मीपण दाबली होती. पण ती वाजतच होती."

यात काही नव्हतं. माणूस सकाळी दारात उभं राहून जे बोलतो त्यातलंच हे. तरी आमोद दाराची कडी हातात धरून गरजेपेक्षा जरा जास्त वेळ उभा राहिला. आतून शर्मिला म्हणाली, "अहो, त्यांना आत तरी घ्या." मग तो बाजूला झाला. दशरथ सोफ्यावर बसला नाही, जेवणाच्या टेबलाची खुर्ची ओढून तिच्या काठावर बसला, आणि पिशवीतून तपकिरी पुठ्ठ्याची जाड नोंदवही काढून दोन्ही हातांनी टेबलावर ठेवली. पुठ्ठ्यावर त्याच्या ताठ अक्षरात लिहिलेलं होतं, जोडणी नोंदवही. तो या महिन्याच्या एकतीस तारखेला निवृत्त होत होता. वही उद्या स्टोअरमध्ये जमा करायची, आणि स्टोअरवाल्याने पानं चाळून सांगितलं होतं की एका ठिकाणी सरांची सही राहिली आहे, ती झाल्याशिवाय तुमचे कागद पुढे जायचे नाहीत. सर सोमवारी सकाळच्या विमानाने दिल्लीला, म्हणून रविवारी घरी त्रास द्यावा लागला. हे सगळं दशरथने एका दमात सांगितलं आणि त्यातलं 'स्टोअर' एवढंच आमोदने ऐकलं. बाकीचं त्याला नंतर, वही उघडल्यावर, मागून जुळवावं लागलं. डोक्यात बेलच होती. वाजत असताना बेलला बटण दाबलेलं कळत नाही. दोघांनी दाबलं तरी घरातल्या माणसाला एकदाच वाजल्यासारखं वाटतं, आणि घरातला माणूस शपथेवर सांगेल की एकच जण आला होता. किती मूर्ख वस्तू आहे, असं त्याला वाटलं, आणि तो विचार नेहमीसारखा सुखाचा वाटला नाही.

सुखाचा वाटायला हवा होता. इतरांच्या मूर्खपणावर आमोद गेली तीस वर्षं व्यवस्थित पोसला गेला होता. टेकडीच्या पायथ्याशी असलेल्या त्यांच्या संस्थेत सव्वाशे शास्त्रज्ञ होते आणि त्यांतले शंभर त्याच्या मते क्लार्क व्हायच्या लायकीचे होते. उरलेल्या पंचविसांना क्लार्कीही जमली नसती. संचालक तर क्वांटम हा शब्द देवळातल्या प्रसादासारखा येईल त्याच्या हातावर ठेवायचे. विद्यार्थी दर वाक्याची सुरुवात 'बेसिकली' अशी करायचे आणि बेसिक विचारलं की छताकडे बघायचे. सोसायटीच्या सभेत लोक पाण्याच्या टाकीवर अडीच तास बोलायचे आणि टाकी किती लिटरची हे एकालाही माहीत नसायचं. आमोद अशा वेळी काही बोलत नसे, फक्त चष्मा पुसायचा. तो पुसतोय हे बघून पुढच्या माणसाने गप्प बसावं, अशी साधी व्यवस्था. प्रयोगशाळेत मात्र त्याने पाटीच लावली होती. लेसरच्या टेबलावर, डोळ्यासमोर, लॅमिनेट करून: 'प्रमुखांनी सांगितल्याशिवाय कोणत्याही तारेला हात लावू नये. शंका आधी स्वतःला विचाराव्यात. उत्तर न मिळाल्यास तिथेच ठेवाव्यात.' या पाटीचा फोटो काढून उत्कर्षाने सगळीकडे पाठवला होता आणि तीन-चार दिवस ती पाटी पुण्यात भलतीच गाजली होती. लोक हसले. आमोदलाही आतून बरं वाटलं होतं, कारण त्यात विनोद नव्हता, ते अक्षरशः खरं होतं, आणि हे फक्त त्यालाच माहीत होतं.

उत्कर्षा ही त्याची विद्यार्थिनी. पीएचडीचं सहावं वर्ष, बुधवारी तोंडी परीक्षा, डिसेंबरात व्हिएन्नाला नोकरी. तिच्या प्रबंधाचा कणा आणि आमोदच्या नावाचा कणा एकच होता: अर्धवाहकाच्या चकतीत रुजवलेला एक ठिपका. काही हजार अणूंचा. तो पाण्याच्या गोठणबिंदूच्या खाली दोनशे एकोणसत्तर अंशांवर ठेवायचा, त्याच्यावर लेसरचा ठोका मारायचा, आणि प्रत्येक ठोक्याला त्यातून प्रकाशाचा एकच कण सुटावा, दोन कधीही सुटू नयेत, हा सगळा खटाटोप. असा एकेक कण देणारा ठिपका हाती आला की न फुटणारे गुप्त संदेश पाठवता येतात, नव्या जातीची गणकयंत्रं बांधता येतात, आजवर कुणी केलं नाही इतकं बारीक मापन करता येतं. निदान दिल्लीच्या समितीला तसं सांगता येतं. एकच कण सुटला हे तपासायची रीत जुनी आणि सोपी. वाटेत एक अर्धपारदर्शक आरसा ठेवायचा आणि त्याच्या दोन बाजूंना दोन डिटेक्टर. कण एक असेल तर तो इकडे जाईल किंवा तिकडे. दोन्ही डिटेक्टर एकदम बोलले तर समजायचं, कण दोन होते. आमोदच्या टेबलावर ते एकदम जवळजवळ बोललेच नाहीत. जिथे इतरांचे शंभरात दहा-वीसदा बोलतात तिथे याचा आकडा आला शंभरात एक. तो आलेख आता संस्थेच्या प्रवेशद्वाराशी लावलेला होता, मधोमध स्वच्छ खाच असलेला, आणि समिती मंगळवारी ठरवणार होती की नवं राष्ट्रीय केंद्र पुण्याला द्यायचं की नाही. द्यायचं म्हणजे आमोदला द्यायचं.

दशरथने खूण म्हणून घातलेला बसच्या तिकिटाचा तुकडा काढला आणि पान उघडलं. दोन वर्षांपूर्वीचा चौदा ऑगस्ट. आमोदने पेन काढलं, सहीची जागा शोधली, आणि सही करणाऱ्या माणसाच्या सवयीने वरचं न वाचता हात टेकवला. पण तिथे ओळ नेहमीपेक्षा लांब होती, अक्षर सहीच्या जागेत घुसलेलं होतं, म्हणून डोळा वर गेला. 'मोजणीच्या पेटीचे चॅनल दोन बंद. सरांच्या सांगण्यावरून दोन्ही डिटेक्टरांच्या तारा एकत्र जोडून चॅनल एकमध्ये दिल्या. दोन्ही एकदम आल्यास पेटी एकच मोजेल. कळवले.'

शर्मिलाने चहा आणून ठेवला आणि पोहे घेणार का असं दशरथला विचारलं. दशरथ नको म्हणाला. ती पुन्हा आत गेली. आमोदला त्या दिवसाची दुपार दिसायला लागली, तीही अशी की आपण तिथे नव्हतो आणि कुणीतरी आत्ता पहिल्यांदाच दाखवतंय. संचालकांना स्वातंत्र्यदिनाच्या भाषणात आकडा हवा होता. चॅनल दोन सकाळी जळलं. दोन्ही तारा एकाच चॅनलमध्ये घालायची युक्ती आमोदचीच, आणि युक्ती वाईट नव्हती. फक्त एका तारेच्या वाटेत तीस मीटर लांबीचं वेटोळं घालायला हवं होतं, म्हणजे त्या डिटेक्टरचं बोलणं जरा उशिरा पोचलं असतं. कारण ही पेटी एक ठोका ऐकला की पाच नॅनोसेकंद बहिरी असते. सगळ्याच पेट्या असतात. त्याला इंग्रजीत डेड टाइम म्हणतात आणि पहिल्या वर्षाच्या पोरांनाही तो पाठ असतो. वेटोळ्याचं तो सांगणारच होता. दशरथ तारा हातात घेऊन उभा होता. तेवढ्यात संचालकांचा फोन आला, आमोद बोलायला लागला, दशरथ काहीतरी म्हणाला, आणि आमोदने फोन कानाला तसाच ठेवून बोट वर केलं. गप्प बस असं नाही. बोट पाटीकडे होतं. दशरथने पाटीकडे पाहिलं आणि तारा जोडल्या. त्या संध्याकाळी आलेखात पहिल्यांदा ती स्वच्छ खाच पडली. आमोदने पेढे आणवले होते, आणि एक पेढा दशरथलाही दिला होता, हे त्याला आता अगदी नको तितकं स्पष्ट आठवलं.

दोन कण एकदम आलेही असतील. शेकड्याने आले असतील. दोन डिटेक्टरांनी एकदम हाका मारल्या असतील आणि पेटीने एक हाक ऐकून दुसरी गिळली असेल, प्रत्येक वेळी, दोन वर्षं. ठिपका उत्तम असेल किंवा रद्दी असेल. त्या आलेखावरून काहीही सांगता येत नव्हतं. संस्थेच्या दाराशी बहिरेपणाचा आलेख चौकट करून लावला होता. जगातल्या चार तज्ज्ञांनी तो तपासून छापायला योग्य ठरवला होता, आणि त्या चौघांना वाटेल ते म्हणण्याची ही नामी संधी होती. आमोदने मनात सुरुवातही केली, पण तिरस्कार नेहमीच्या वाटेने निघाला आणि जाऊन पोचायला त्याला दुसरं कुणी सापडेना. त्याला उत्कर्षा आठवली. दीड वर्षापूर्वी ती दारात उभी राहून म्हणाली होती, "सर, आय वॉज जस्ट थिंकिंग, इतकं क्लीन कसं काय येतंय?" आणि तो मान वर न करता म्हणाला होता, "काम केल्यावर येतं. आणि थिंकिंग पुरं झालं की कळव." ती हसली होती. तिने ते वाक्यही कुठेतरी पाठवलं असेल. पुढे काही बोलणार होती का ती? दारात जरा वेळ थांबली होती खरी. शर्मिलाने बँकेतली नोकरी सोडली हे त्याला दीड महिन्याने कळलं, तेही वॉचमनकडून, आणि तो चिडला तेव्हा ती शांतपणे म्हणाली होती की सांगितलं होतं, त्याच वाक्यात, दुधाच्या पिशव्यांनंतर.

आणि हा दशरथ. सव्वीस वर्षांपूर्वी मुलाखतीला आला तेव्हा आमोद नुकताच परदेशातून आलेला, समितीतला सगळ्यांत तरुण. दशरथ त्याच्याहून चार वर्षांनी मोठा, हे त्याला कागदावर दिसत होतं, आणि तरी पहिल्या दिवसापासून त्याला 'अरे' म्हणायला जीभ अडखळली नाही. त्या दिवशी दशरथने नाव सांगितलं, आडनाव सांगितलं, खडकी सांगितलं. आडनावाशीच आमोदचं ऐकणं संपलं होतं. त्याने कधी कुणाची जात काढली नाही, डब्याला डबा लावून जेवला, चौदा एप्रिलला आवर्जून शुभेच्छा दिल्या, आणि या सगळ्याबद्दल स्वतःला मनातल्या मनात चांगले मार्क दिले. पण ऐकणं तिथे संपलं होतं हे खरं, आणि ते कबूल करायला आज, पोह्यांच्या फोडणीच्या वासात, त्याला काही अडचण वाटली नाही. दशरथ त्या दिवशी पुढेही बरंच बोलला होता. त्याचे वडील कचरूजी खडकीच्या दारूगोळा कारखान्यात गेजवर, म्हणजे नगांची मापं तपासायला होते. हातात दोन पोलादी कड्या, एक 'गो' आणि एक 'नो-गो'. नग पहिल्या कडीतून गेला पाहिजे आणि दुसरीतून जाता कामा नये. मधलं काही नाही, आणि जो नग नापास झाला त्याची नोंद त्याच क्षणी, आपल्या अक्षरात, कारण पुढे तो कुणाच्या तरी हातात फुटणार असतो. हे दशरथने नंतरच्या वर्षांत चहा पिताना, कॉम्प्रेसर बदलताना, कितीदा तरी सांगितलं असणार, कारण आमोदला ते आत्ता शब्दशः आठवत होतं. म्हणजे कानात गेलेलं होतं. मोजलं गेलं नव्हतं एवढंच.

"सर, पेन चालत नाही का?" दशरथने विचारलं आणि स्वतःचं पुढे केलं.

पेन चालत होतं. आमोदचं डोकंही चालत होतं, नेहमीपेक्षा जलद, आणि ते काय काय आणून समोर ठेवतंय हे बघून त्याला स्वतःची किळस येत होती. सही करायचीच नाही, हा पहिला मार्ग. आठवत नाही म्हणायचं. सही नसलेला बदल हा तंत्रज्ञाने परस्पर केलेला बदल, संस्थेचा नियम तसाच आहे. मग एखाद्या आठवड्याने आपणच चूक शोधायची, लेख सन्मानाने मागे घ्यायचा, शोधनिबंधाच्या तळाला एक ओळ टाकायची: एका कर्मचाऱ्याच्या अनधिकृत जोडणीमुळे. लोक म्हणतील, काय प्रामाणिक माणूस. दशरथचे कागद अडकतील, चौकशी बसेल, आणि दशरथ चौकशीत ही वही दाखवेल, आणि कळवले या शब्दाला पुराव्याची किंमत नसते. दुसरा मार्ग याहून सोपा. सही करायची आणि तारीख तेव्हाची घालायची. कोण वाचतंय. वही स्टोअरच्या माळ्यावर जाईल, उत्कर्षा बुधवारी पास होईल, व्हिएन्नाला जाईल, केंद्र पुण्याला येईल. ठिपका खरोखरच चांगला असेलही. जणू हेच ऐकू आल्यासारखा दशरथ अगदी मदतीच्या सुरात म्हणाला, "तारीख तेव्हाचीच घाला सर. सगळे तशीच घालतात. म्हणजे स्टोअरवाला विचारणार नाही." त्याच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. आपण काय मागतोय आणि काय देतोय हे त्याला माहीत आहे की नाही, ते आमोदला सव्वीस वर्षांच्या ओळखीनंतर त्या चेहऱ्यावरून ओळखता येईना.

'पण दशरथ, वेटोळं नाही तर नाही, चॅनल दोन कधीतरी दुरुस्त झालंच असेल, मग तारा परत वेगळ्या का केल्या नाहीत?' असं विचारायला त्याने तोंड उघडलं. तिथे निदान काहीतरी दुसऱ्याच्या पदरात टाकता आलं असतं. विचारण्याआधी त्याने पान उलटलं, एवढं शहाणपण त्याला त्या दिवशी सुचलं. पुढच्या पानावर सोळा ऑगस्ट. 'चॅनल दोनचे कार्ड बदलले. तपासले. चालू. तारा पूर्ववत कराव्यात का विचारले. कळवले.' एकोणीस ऑगस्ट: 'चॅनल दोन चालू असल्याबाबत पुन्हा कळवले.' दोन सप्टेंबर: 'चॅनल दोनबाबत कळवले. सर घाईत.' त्यानंतर त्या विषयावर काही नव्हतं. पुढची दोन वर्षं हेलियमची नळी, लेसरचं पाणी, पंपाचं तेल. तीनदा सांगून माणूस गप्प झाला होता आणि पाटीत लिहिल्याप्रमाणे शंका तिथेच ठेवली होती. फक्त एक दिवस तारा चुकीच्या राहायला हव्या होत्या. फार तर दोन. स्वातंत्र्यदिनाच्या भाषणातला एक आकडा चुकला असता आणि सोळा तारखेला सुधारता आला असता. बाकीची दोन वर्षं कुठल्याही कार्डाने, कुठल्याही तारेने केलेली नव्हती.

आमोदने चष्मा काढला. सवयीने पुसायला लागला आणि समोर पाहिलं, तर दशरथ गप्प झाला होता. काही बोलतही नव्हता बिचारा, तरी गप्प झाला होता. मान खाली, हात मांडीवर. सव्वीस वर्षांत चष्म्याचा अर्थ त्यालाही पाठ झालेला होता. आमोदने चष्मा न पुसताच डोळ्यांवर चढवला.

"दशरथराव," तो म्हणाला. असं त्याने कधी म्हटलं नव्हतं, आणि ते खोटं वाटू नये म्हणून पुढचं फार हळू म्हणाला. "तुम्ही जेव्हा हे सांगत होतात, तेव्हा मी काय करत होतो?"

दशरथने खरंच आठवून पाहिलं. मग म्हणाला, "आपण होतात की सर, समोरच."

बाहेर जिन्यात कुणीतरी शेजारच्यांची बेल दाबली. ती साधी टिंग वाजली, आणि लगेच पुन्हा टिंग. आमोदने वही पुन्हा मागच्या पानावर, चौदा ऑगस्टकडे आणली. 'कळवले'च्या खाली जागा नव्हती म्हणून समासात आडवं लिहिलं, 'ऐकले नाही.' त्याखाली पूर्ण सही केली, नेहमीची आखूड नाही, आणि आजची तारीख घातली. उत्कर्षाला दुपारी स्वतः जाऊन सांगायचं, फोनवर नाही. दिल्लीचं तिकीट रद्द. हे निर्णय त्याने घेतले असं म्हणता येणार नाही, ते तारखेबरोबरच लिहिले गेले, आणि त्यांत मोठेपणा कुठेच नव्हता. मोठेपणा वाटला असता तर त्याने त्याचाही तिरस्कार केला असता. दशरथ वही आपल्याकडे ओढायला पुढे झुकला, उलटं वाचायची त्याला सवय होती, आणि समासातले ते दोन शब्द वाचून त्याचा हात टेबलाच्या मध्यावर थांबला. आमोदने पान उलटलं. सोळा ऑगस्टच्या ओळीखाली लिहिलं, 'ऐकले नाही.' सही केली. मग एकोणीस ऑगस्ट.

"सर," दशरथ हलकेच म्हणाला, "तिथे सही लागत नाही. सही फक्त जोडणी बदलल्यावर."

"माहीत आहे," आमोद म्हणाला, आणि दोन सप्टेंबरच्या ओळीवर बोट ठेवून पेन टेकवलं.